बारीक अक्षरातली आत्या

आत्या, फोन घरात व्हता. देवळीत, चार्जिंगला लावल्याला. आन तू व्हतीस खालच्या वावरात, कांद्याच्या वाफ्याकडंला. हे मी सगळ्यात आधी लिवते, कारन तू गेल्यापासनं मी हेच सांगत सुटलेय आन कोन आयकतच नाय. फोन जर घरात व्हता तर त्याच्यातलं अक्षर बारीक व्हतं का मोठं व्हतं, त्याच्यावर चित्र कशाचं व्हतं, त्यानं तुझ्या जिवाला काय फरक पडनार व्हता? तूच सांग. फोन काय चालत येनार व्हता का तुझ्याकडं वावरात?

पन तुझी लेक अवसरीवरनं आली ती रडत रडत हेच घेऊन आली. शोभाताई म्हनली, "माझ्या आईला धड दिसत नव्हतं, आन ह्या सुनेनं अक्षर मुंगीएवढं करून ठेवलं. सगळी चित्रं बदलून ठेवली. मानसानं जीव जाताना फोन लावायचा कसा?" आन हे सगळ्या बायांच्या म्होरं. मी माझ्या लेकीला, परीला, कडंवर घेऊन हुबी. बाया माझ्याकडं बगाया लागल्या, जशी काय मी तुला हिरीत ढकलली.

तुला धड दिसत नव्हतं म्हनं. आगं तुला लांबचं दिसायचं नाय! बांधावर दत्ता हुबा हाये का बुजगावनं हुबं हाये, ते तुला कळायचं नाय. पन जवळचं? चष्मा काढून नाकाला लावलंस की मेंढीच्या कानातली गोचीड तू चिमटीत धरून काढायचीस. सुईत दोरा मला जमायचा नाय, तू ओवून द्यायचीस. हे तुझ्या पोटच्या लेकीला ठावं नाय, पोटच्या लेकाला ठावं नाय. मला ठावं हाये, कारन मी तुझ्या शेजारी बसत व्हते. भावाची पोरगी सून करून आनलीस ती काय उगा आनलीस का? तू आधी माझी आत्या, मंग सासू. दत्ताचं आन माझं लगीन लागलं त्या दिवशीच म्हनलीस, "मला आत्याबाई आन आवो-जावो करशील तर जेवायला वाढनार नाय." म्हनून आजबी 'तू'च म्हनते. कुनाला राग यायचा तर येऊ दे.

मला लई राग आलाय आत्या. तुझाबी आलाय. तो म्होरं सांगते.

दत्तानं तुला फोन घेतला तवाच खरं तर सुरवात झाली. दुकानातच त्यानं अक्षर येवडं मोठं करून घेतलं की एका वळीत एकच शब्द बसायचा. "आईला दिसायला पायजे." आईला इचारलं का, की बाई तुला काय पायजे? नाय इचारलं. तो वाईट नाय, तुला म्हायती हाये. पन त्यानं कधी इचारलंच नाय कुनाला. त्याच्या डोक्यात म्हातारी मानसं म्हंजी मोठं अक्षर, संपलं.

आन आपलं घर दोन खोल्यांचं, मधली भिंत वरपतुर जात नाय. हिकडं शिंकलं की तिकडं सत्य म्हनत्यात. तर आपन दोघी चुलीच्या ह्या बाजूला मी आन त्या बाजूला तू, आसं बसून एकमेकींना मेसेज लिवायचो. तू चौथी शिकल्याली, मी नववीतनं काढल्याली. तुझी येलांटी कदी खरी नाय आन माझा रस्व-दीर्घ मलाच ठावा नाय. पन चालायचं. भाजीत मीठ जास्त पडलंय हे सुदिक तू मला लिवून कळवायचीस, दत्ताला कळू नाय म्हनून. आसं कुनी केलंय का माझ्यासाठी ह्या जगात? कुनीच नाय केलं.

परीच्या येळंला माझं रक्त किती गेलं ते तू बघितलंस. बाटल्या चढवल्या. डाक्टरीन बाई म्हनली, हिच्या अंगात आता काय उरलं नाय, दुसऱ्याची घाई करू नका, नायतर पोर बी जाईल आन ही बी. हे आयकायला खोलीत तू आन मीच. दत्ता बाहेर हुबा, पोरगी झाली म्हनून बर्फी वाटायची का जिलबी ह्या इचारात.

आन तरी बी माझी पाळी चुकली. मी तवा माहेरी व्हते, तुझ्याच भावाच्या घरी. तुला लिवलं, आत्या पाळी चुकली लई भ्या वाटतंय. तू त्या टायमाला यश्टीत, नारायनगावच्या बाजारातनं येत व्हतीस. शेजारी आपली पारूकाकू. तू फोन उघडला. पाळी एका वळीत, चुकली दुसऱ्या वळीत, लई तिसऱ्या वळीत, भ्या चौथ्या वळीत. भिंतीवर खताची जाहिरात रंगवत्यात तसं. पारूकाकूनं वाचलं, आन पारूकाकूला वाचता येतं हे आपल्याला त्याच दिवशी कळलं.

तू घरी पोचायच्या आत गावात कळलं. संध्याकाळच्या आत अवसरीला कळलं. शोभाताईचा फोन मला, "आता पोरगाच हाये बग. मी लेन्याद्रीला बोलून ठेवलंय, गिरिजात्मजाला, भाच्याला घेऊन समद्या पायऱ्या चढंन." मला अजून धड खरं वाटत नव्हतं आन हिकडं नवस सुदिक बोलून झाला. ज्या पोटाची मला खबर नव्हती त्याची गावाला खबर. आन मंग ते पडलं. तिसरा लागायच्या आत. मंग सगळी चौकशीला. कुनी म्हनलं हंडा उचलला आसंल, कुनी म्हनलं पपई खाल्ली आसंल. पारूकाकू तर खोबरं घेऊन आली आन माझ्याच खाटंवर बसून मला म्हनली, "पोरी, तू लिवलं व्हतंस तवाच तुला भ्या वाटत व्हतं ना? मंग जपायचं नाय का?" माझा मेसेज मलाच वाचून दावला तिनं!

ती गेल्यावर फोन माझ्या मांडीवर टाकलास आन म्हनलीस, "मने, हे अक्षर आधी बारीक कर."

मी म्हनलं, "आत्या, दिसंल का तुला?"

"मला दिसंल. बाकीच्यांना दिसाया नको."

मी सेटिंगमधी गेले, डिस्प्लेमधी गेले, फॉन्टची ती रेघ असती ना, तिच्यावरची गोळी डावीकडं सरकवत नेली. तू म्हनायचीस, अजून. मी अजून सरकवायची. अजून. मंग मी म्हनलं आता संपलं, याच्यापुढं कंपनीनंच दिलं नाय. मंग पडदा काळा केला. वर पट्टीत मेसेज येऊन दिसायचा ते बंद केलं. तुला एवढी हौस चढली की म्हनलीस, आता अक्षर जरा वळनदार दिसंल आसं काय तरी कर. मी हुडकून हुडकून एक नवा फॉन्ट टाकला. तर इंग्रजी अक्षरं नटून थटून बसली, आन मराठी व्हती तशीच. तू फोन लांब धरलास, जवळ धरलास, आन म्हनलीस, "इंग्रजीला पैठनी आन मराठीला तेच फाटकं लुगडं. राहू दे बाई, आपल्याला आपलं लुगडं बरं." मी लई दिवसांनी हसले. पोटातनं दुखत व्हतं तरी हसले.

आन दत्ता आला, अक्षर बघितलं, मोठं करून गेला. तू परत मला दिलास, मी बारीक केलं. त्यानं परत मोठं केलं. "आई, ह्या मनीचं आयकू नको, डोळं जातील." तू म्हनलीस, "जाऊ दे गेलं तर, तुला काय, तू थोडाच माझ्या मेंढ्यांची गोचीड काढनार हाईस." पन खरं कारन काय ते तू त्याला सांगितलं नाहीस. तिथनंच चुकलं आपलं. मी म्हनायची तुला.

मंग तू मला मंचरला दवाखान्यात घेऊन गेलीस. घरी सांगितलंस, डोळं दावायला चाललेय, मनीला संगं नेते. तू सिस्टरला इचारलंस, नवऱ्याची सही लागंल का. ती म्हनली, नाय लागत. तांबी बसवली, परत दिवस जाऊ नायत म्हनून. मी लई भ्याले व्हते, हात तुझ्या पदराला गुंडाळून ठेवला व्हता. परत येताना स्टँडवर तू मला मिसळ खाऊ घातलीस, आन स्वतः नुसता च्या पिलास, आन म्हनलीस, "आता कुनाचा नवस आन कुनाचा बाजार. आधी अंगात रक्त भर, परीला मोठी कर, मंग तुझं तुला वाटंल तवा बघ."

मी म्हनलं, "आन त्यांना काय सांगायचं?"

"दत्ताला मी सांगंन. माझा ल्योक हाये, मी बघते. जरा येळ बघू दे."

हे वाक्य मी धरून बसले आत्या. तू सांगनार व्हतीस. मी नाय, तू. येळ बघता बघता तू वरीस घालवलंस. मी मधनं मधनं इचारायची, सांगितलं का? तू म्हनायचीस, कांदं काढनी होऊ दे. कांदं झालं, मंग म्हनलीस, मेंढरं कातरून होऊ दे. मंग शोभी येऊन जाऊ दे. काय तरी व्हतंच. आन आता तू अशी गेलीस, कांद्याच्या वाफ्याकडंला बसल्या जागी, कुनाला एक शब्द न बोलता. माझ्या गळ्यात हे घालून. हाच माझा राग हाये तुझ्यावर. येवडी हुशार बाई तू, येळ बघत बसलीस कशापायी?

आता त्या चित्राचं.

तांबीचं सगळं आपन मेसेजमधीच बोलायचो. दुखतंय का, अंगावरनं किती जातंय, दवाखान्यात परत कदी दावायचं. मी माझ्या फोनातलं रोज पुसायची. तू पुसायची नाहीस. "राहू दे, येकली आसले की परत वाचते." मी म्हनलं मंग कुलूप तरी लाव. तू म्हनलीस, "घराला कुलूप दिसलं की चोर इचारतो, आत काय हाये." मंग मी ते चित्रं बदलायचं लाँचर टाकलं. आधी मेसेजच्या जागी मेंढीचं चित्र लावलं, तर परी सारखी मेंढी दाबायची. मंग हिशोबाच्या मशीनचं लावलं, तर दत्ता कांद्याचा हिशोब करायला तिथंच बोट नेई, दोनदा तू त्याच्या हातातनं फोन वढलास. मंग तूच म्हनलीस, बाप्पाचं लाव. लेन्याद्रीचा लाव, शेंदराचा.

काय डोकं तुझं! परी फोन हातात आला की चित्राला हात जोडायची आन फोन परत द्यायची. दत्ता सुदिक तिथं बोट नेत नव्हता. मला बाई कसंतरी झालं. मी म्हनलं, आत्या, त्याच गिरिजात्मजाला शोभाताईनं नातवाचा नवस केलाय, आन तू त्याच्याच मागं तांबी लपवतीस?

तुझं बोलनं मी अजून इसरले नाय. तू शेंगा फोडत व्हतीस. म्हनलीस, "गिरिजेनं काय केलं? घरी नवरा नसताना आपल्या अंगाच्या मळाचा पोरगा केला. इचारलं का तिनं कुनाला? सासूला? नंदंला? तिचं अंग, तिनं बघितलं. तिचा पोरगा हाये तो. त्याला समजतं सगळं."

आन बग काय झालं त्याचं. तू रोज दुपारी उंबऱ्यात बसून बाप्पा उघडायचीस, फोन नाकाला लावायचीस, ओठ हलवत माझं मेसेज वाचायचीस. दत्ताला वाटलं, आई देवाला लागली. भावकीत सांगत सुटला, "आमची आई मोबाईलवर दर्शन घेती, तोंडानं जप करती." शोभाताईनं एकदा येऊन डोळ्यानं बघितलं आन तिला रडूच आलं, "आई माझ्या भावासाठी पोरगा मागती." तू तिच्याकडं बघितलंस, माझ्याकडं बघितलंस, आन परत ओठ हलवायला लागलीस. त्या टायमाला माझ्या पातळाच्या बोळ्यात मी तोंड खुपसलं व्हतं, हसू आवरंना. आता त्याच हसन्याचा काटा झालाय.

आपलं एक भांडन तसंच राहिलं. बाप्पा माझ्या फोनात बी लावला व्हता, आन मी बाजूला आसले की चार दिवस ते चित्र दाबायची नाय. तू आतनं मेसेज टाकायचीस, मी उघडायची नाय. मंग तू चिडून वरडायचीस, "मने, फोन बघ!" दत्ता म्हनायचा, घरातल्या घरात फोन कशाला बघायचा? तू मला मंग दाराआड गाठून म्हनायचीस, "आगं तो देव हाये का देवाचा फोटू हाये?" मी म्हनायची, फोटू देवाचाच हाये ना. "त्याच्या आईला काय पाळी येत नव्हती का?" मी कानावर हात ठेवायची. मला भ्या वाटायचं. मला सगळ्याचंच भ्या वाटतं, तुला म्हायती हाये. उसाच्या कडंनं जायचं तर बिबट्याचं भ्या, घरात बसायचं तर मानसांचं.

तू गेलीस त्या दुपारी मी च्या टाकला आन तुला मेसेज केला, आत्या च्या टाकलाय ये. आन आतल्या खोलीत देवळीत टिंग वाजलं. मला राग आला, की परत ही बया फोन घरात टाकून गेली. मी पुटपुटले सुदिक, मरू दे, पीऊ दे गार च्या. मंग मानसं वरडत आली वावरातनं.

तो मेसेज अजून तसाच हाये. बाप्पाच्या चित्रावर लाल टिपका.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला, आन कावळा शिवंना. बाभळीवर बसलं व्हतं कावळं, खाली येत नव्हतं. भावकीतलं कोनतरी म्हनलं, म्हातारीचं मन कशात तरी अडकलंय. शोभाताई लगीच म्हनली, "नातवात अडकलंय. मी बघितलंय, रोज बाप्पाला मागायची." आन माझ्या दंडाला धरून मला म्होरं वढलं. "मनी, हात जोड. म्हन, आत्या, तुला नातू देते."

शंभर मानसं. परी पदर वढतीय. मागनं कोनतरी हसून म्हनतंय, "म्हना की वहिनी, कावळ्यांची जेवनाची येळ झाली." मला तर वाटलं जिमिनीनं गिळावं. मी दत्ताकडं बघितलं तर तो माझ्याकडं बगतोय, म्हन की, आसं. माझ्या पोटात तांबी, तुझ्या हातानं बसवल्याली, आन तुझ्या पिंडाम्होरं मला नातवाचा शब्द द्यायला लावत्यात! कुनाचं पोट हाये हे? कावळ्याला दाखवायचं पोट हाये का माझं?

मी नाय बोलले. येक अक्षर नाय. मंग शोभाताईच हात जोडून बोलली, माझ्या वतीनं, की देईल ती, तू जा आई सुखानं. तरी कावळा आला नाय. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. घरी येईपतुर झालं, सुनेनं शब्द दिला नाय म्हनून कावळा शिवला नाय. आधी मी अक्षर बारीक केलं म्हनून तू गेलीस, आता मी गप बसले म्हनून तू अडकलीस. तुझं मरान झालं आन सगळं माझ्याच नावावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं भैनभाऊ ओट्यावर बसल्यालं, तुझा फोन घेऊन. दत्ता म्हनला, "तेरावं झालं, सुतक फिटलं की नारायनगावला दुकानात नेतो, अक्षर मोठं करून घेतो, चित्रं व्हती तशी करतो. मंग तू घेऊन जा ताई, आईची आठवन." शोभाताई बोटानं पडदा सरकवत व्हती. म्हनली, "हे बाप्पावर लाल काय हाये रं?" आन बोट नेलं. माझ्या हातातलं सूप पडलं.

दत्ता म्हनला, "आगं सुतक हाये. देवाला शिवू नको."

"व्हय बाई." तिनं बोट मागं घेतलं. "सुतक फिटलं की आधी बाप्पाच उघडते. आई काय मागायची ते तरी कळंल."

म्हंजी तेराव्यापतुर. तेवडीच माझी येळ. ती दोघं मेंढरांकडं गेली तशी मी फोन उचलला. सुतकात. मी तुझ्या फोटूकडं बघितलं, दिव्याकडं बघितलं, आन म्हनलं, गिरिजेच्या पोरा, समजून घे. आन दाबलं. काय झालं नाय. वीज पडली नाय. नुसतं तुझं बोलनं आलं, बारीक बारीक, काळ्यावर पांढरं.

मला सगळं पुसायचं व्हतं. मी धरून ठेवलं, निवडलं, फोननं इचारलं पुसू का. आन मला पुसवंना. तुझा आवाज त्याच्यातच हाये ना. दुसरीकडं कुठं हाये? फोटू तर लग्नातला हाये, त्याच्यात तू चिडल्याली हाईस. मी तशीच बसले बोट वर धरून, आन दारात शोभाताई.

"सुतकात बाप्पाला हात लावलास? मेल्यावर तरी माझ्या आईला गत मिळू दे ना गं!"

दत्ता तिच्या मागं. बोट तिथंच व्हतं आत्या. दाबलं आसतं तर सुटले आसते. पुसलं गेलं आसतं, मी म्हनले आसते चुकून हात लागला, दोन शिव्या खाल्ल्या आसत्या. पन मला काय झालं काय की. नदीवरचं आठवलं आन अंगाची आग झाली.

मी म्हनलं, "हा बाप्पा नाय ताई. बाप्पाचा फोटू हाये. ह्याच्या आत आत्या हाये. बसा, वाचून दावते."

आन मी वाचलं. "मने पानी तापवून मोरीत ठेवलंय दुकल तर शेक घे." "तांबी नीट बसली म्हनली सिस्टर आता कुनाचं आयकू नको." "दत्ताला मी सांगते तू भिऊ नको." "शोभी काय बी बोलंल तू गप बस मी बगते तिच्याकडं."

शोभाताई म्हनली, "आई आसं करायचीच नाय. हिनंच लिवलंय हे. हिच्याच हातात व्हता फोन."

दत्तानं फोन घेतला. त्याला अक्षर दिसंना. मी म्हनलं मोठं करून देते. तो नको म्हनला. दाराच्या उजेडात गेला, फोन डोळ्याला लावला, लई येळ वाचत राहिला. मंग म्हनला, "ताई, तुला शोभी आईशिवाय कोन म्हनायचं?"

तशी ती उंबऱ्यात बसली. मला वाटलं आता मला मारती. तर ती रडाया लागली, लहान पोरागत. म्हनली, "तुला येवडं लिवायची? मला कदी येक अक्षर नाय लिवलं आईनं. मी फोन केला की म्हनायची, जेवली का, आन ठेवून द्यायची." आत्या, तिच्यावर मला इतका राग व्हता, आन तवा काय करावं कळंना. मी पानी दिलं. तिनं घेतलं नाय. मंग घेतलं.

दुपारच्या गाडीनं ती अवसरीला गेली. तेराव्याला येईल का नाय ते सांगितलं नाय. गावाला एव्हाना कळलंच आसंल. म्हनूनच हे सगळं मी आता सगळ्यांना वाचता येईल आसं उघड लिवते, लपवायला काय राहिलंच नाय, आन दुसऱ्याच्या तोंडनं कळन्यापरीस माझ्या तोंडनं कळू दे. कुनाला तुझी आठवन लिवायची आसंल तर लिवा, की बाई मायाळू व्हती, कष्टाळू व्हती. व्हतीच. पन माझा जीव तिनं राखला, घरच्यांच्या नजरंआड राखावा लागला, हे बी लिवा.

दत्ता सांजच्याला मेंढरं कोंडून आला. माझ्याकडं बघितलं नाय. परीला मांडीवर घेतलं. मंग म्हनला, "मला का नाय सांगितलं?"

"आत्या सांगनार व्हती."

"तू का नाय?"

"तुमी ताईला सांगितलं आसतं."

तो नाय म्हनला नाय. तेवडा खरा हाये तो.

परीला मांडीवरनं उतरवलं आन म्हनला, "कदी काढायची आसती ती?"

मी म्हनलं, "मला वाटंल तवा."

आवाज मोठा निघाला, भिंतीपलीकडं गेला आसंल, पारूकाकूच्या दारापतुर गेला आसंल. परी दचकून बघाया लागली. तू आसतीस तर हळूच म्हनली आसतीस, मने, बारीक बोल, आयकत्यात. आयकू दे आत्या. मला अजून भ्या वाटतंय, पन मी आता बारीक बोलनार नाय.